सदतीस अंशांच्या खाली

डिसेंबरातल्या एका सकाळी चालून आल्यावर मी पायमोजे काढले आणि दोन्ही नडग्यांवर जांभळे ठिपके दिसले. मसुराच्या डाळीएवढे, काही त्याहून बारीक. घोट्यापाशी दाट, गुडघ्याकडे विरळ होत गेलेले. खाजत नव्हते, दुखत नव्हते. बोटाने दाबून पाहिलं तरी रंग जात नव्हता.

आम्ही हडपसरला राहतो. मी आणि माझा नवरा रोज सकाळी कालव्याच्या कडेने चालायला जायचो आणि त्या आठवड्यात थंडी एकदम उतरली होती. हे जमीन मोजणीच्या सरकारी खात्यात होते, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलं होतं. मी पाय दाखवले तर चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वाकून पाहिलं.

“डास असतील.”

“डास इतके एकसारखे चावतात का?”

“कालव्याचे आहेत. पाटबंधारे खात्याचे डास, नियमात चावणार.”

मी हसले आणि कॉलेजला गेले. चार दिवसांत ठिपके तपकिरी पडले, मग पुसट झाले. पुन्हा थंडीची सकाळ आली आणि नवे उमटले.

मी भौतिक रसायनशास्त्र शिकवते. पंचवीसेक वर्षं झाली. कारण शोधायची सवय आहे, पण ती फळ्यावरच्या गोष्टींपुरती. स्वतःच्या पायांच्या बाबतीत मी साबण बदलला, लोकरीचे मोजे टाकून सुती घेतले, सांडग्यांवर शंका घेतली. बर्फाच्या पाण्यात हात घातल्यासारखी बोटं मधूनच पांढरी पडायची, तेही मी वयावर ढकललं. थंडीशी त्या सगळ्याचा संबंध आहे हे कळलं ते आमच्या मुलीच्या ऑफिसात.

मुलगी खराडीला एका आयटी कंपनीत आहे. तिथे एक दिवस कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना बोलावलं होतं. काचेच्या मोठ्या सभागृहात आम्हाला पुढे बसवलं, अगदी एसीच्या झोताखाली. भाषणं, नाच, मग पुन्हा भाषणं. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसले होते. बाहेर उन्हात आलो तेव्हा मुलीने माझा हात धरला आणि लगेच सोडला.

“आई, तुझ्या हातांवर काय आलंय?”

मनगटापासून कोपरापर्यंत तेच जांभळे ठिपके. घरी जाऊन पाहिलं तर पाय मांड्यांपर्यंत भरले होते. थंडीत चाललं की पाय, एसीत बसलं की पाय आणि हात. जे गार पडेल, तिथे ते. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. कोणीतरी दार उघडं टाकून गेलंय आणि घरभर वारं फिरतंय, तशी.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एका तज्ज्ञांची चिठ्ठी दिली. त्यांचा दवाखाना शनिवार पेठेत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. सत्तरीचे, कृश, बोलायला कमालीचे काटकसरी. काचेची पट्टी ठिपक्यांवर दाबून बघत त्यांनी विचारलं,

“थंडीत वाढतात?”

“हो.”

“सांधे?”

“सकाळी दुखतात.”

“काय करता आपण?”

“कॉलेजात शिकवते. भौतिक रसायन.”

“अरेरे. म्हणजे आपल्याला सगळं कळणार.”

मग त्यांनी समजावलं. काही माणसांच्या रक्तात अशी प्रथिनं तयार होतात जी शरीराच्या उबेला विरघळलेली राहतात आणि गार झाली की साक्यासारखी खाली बसतात. बारीक रक्तवाहिन्यांत ती अडकली, तिथे सूज आली, की हे ठिपके. “ठिपक्यांची मला काळजी नाही,” ते म्हणाले. “किडनीची आणि नसांची आहे. आधी ती प्रथिनं आहेत का ते पाहू.” आणि तपासणी लिहून दिली.

परतीच्या बसमध्ये हे शेजारी बसून काहीबाही बोलत होते. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. दरवर्षी मी मुलांना मुक्त ऊर्जेचा जो हिशोब शिकवते तो डोक्यात आपोआप सुरू झाला होता. रेणू एकमेकांना चिकटले की ऊर्जा उतरते, हे एका बाजूला. सुटे फिरत राहिले की मोकळीक मिळते, हे दुसऱ्या बाजूला. आणि त्या मोकळिकीला तापमानाने गुणायचं असतं. तापमान भरपूर असेल तर मोकळीक जिंकते, रेणू द्रवात विखुरलेले राहतात. तापमान उतरलं की गुणाकार लहान होतो आणि चिकटणं जिंकतं. हा एवढाच नियम आहे. मीठ-साखरेपासून सगळ्यांना या ना त्या दिशेने लागू आहे. प्रथिनांच्या बाबतीत तर मी वर्गात हौसेने सांगायचे, की दोन प्रचंड आकड्यांची वजाबाकी करून हातात जो चिमुकला आकडा उरतो, त्याच्या जोरावर प्रथिन आपला आकार धरून असतं. थोडं तापवा, थोडं आम्ल घाला, आकार गेला. मुलं वहीत उतरवून घ्यायची. पुणे स्टेशनपाशी बस थांबली तेव्हा मी स्वतःच्या हाताकडे बघत होते. मनात आलं, हा अख्खा हात त्या चिमुकल्या आकड्यांवर उभा आहे.

तपासणीसाठी प्रयोगशाळेचा माणूस घरी आला. रक्त काढलं, नळी बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या निळ्या डब्यात घातली, पुढच्या घरी गेला. आठवड्याने फोनवर अहवाल आला. आढळले नाही.

त्या दिवशी ह्यांनी मटण आणलं. मुलगी खराडीहून जेवायला आली. “बघ, उगाच टेन्शन घेत होतीस,” ती म्हणाली. मी भाकरी थापत होते आणि खरंच हलकं वाटत होतं. ठिपके होतेच, पण अहवालात काही नाही म्हणजे ते फक्त ठिपके.

जानेवारी उजाडला. एका संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर मी बसथांब्यावर उभी होते. मागून एक बाई धापा टाकत आल्या आणि म्हणाल्या, “अहो मॅडम, तुमची चप्पल तिकडे राहिली.”

मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा होता, तळव्याला माती आणि खडी लागलेली. कॉलेजच्या फाटकापासून मी तशीच चालत आले होते. बाईंच्या हातात माझी डावी चप्पल होती. त्यांनी ती पायाशी ठेवली, मी आभार मानले, पाय सरकवला. चप्पल पायात गेली की नाही हे मला बघितल्याशिवाय कळलं नाही.

घरी येऊन मी पलंगावर बसले आणि ह्यांना म्हटलं, डोळे मिटते, तुम्ही पायाला बोट लावा, मी सांगते कुठे लावलंय. उजव्या पायाला बरोबर सांगितलं. डाव्या पायाच्या वेळी मी वाट बघत राहिले.

“लावा ना,” मी म्हटलं.

डोळे उघडले तर त्यांनी माझा अंगठा मुठीत धरलेला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शनिवार पेठ. डॉक्टरांनी तिथल्या तिथे लघवी तपासायला लावली, तिच्यात प्रथिनं जात होती. रक्तदाबही चढलेला. त्यांनी जुना अहवाल हातात घेतला, बाजूला ठेवला.

“हा मी मानत नाही. रक्त कसं नेलं होतं?”

“म्हणजे?”

“काढल्यावर कशात ठेवलं?”

मी निळा डबा सांगितला. बर्फ सांगितला. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं. डॉक्टरांनी मान हलवली.

“सांगा ना,” हे डॉक्टरांना म्हणाले. “मला कळलं नाही.”

मीच ह्यांना सांगितलं. रक्त बर्फात गेल्याबरोबर जे खाली बसायचं ते तिथेच, डब्यातच बसलं. पुढे नळी गरगर फिरवून त्यांनी वरचा स्वच्छ द्रव वेगळा केला, तेव्हा ती प्रथिनं रक्ताच्या गुठळीबरोबर तळाशी राहिली आणि फेकली गेली. मग त्या स्वच्छ द्रवात त्यांनी आठवडाभर शोधलं. सापडणार कुठून?

“काढल्यापासून वेगळं करेपर्यंत ते सदतीस अंशांवर राहायला हवं,” डॉक्टर म्हणाले. “हॉस्पिटलात जा. मी फोन करतो. आणि गरम राहा. कानटोपी घाला. कॉलेजात कोणी हसलं तर हसू दे.”

हॉस्पिटलातल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख एक चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी नळ्या आधीच कोमट पाण्यात घालून ठेवल्या होत्या. सुईसुद्धा हातात चोळून घेतली. रक्त काढलं आणि नळी तोंडाला रुंद असलेल्या थर्मासमध्ये बुडवून त्या स्वतः आत घेऊन गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, “आता द्रव वेगळा करून फ्रीजमध्ये ठेवीन. लगेच दिसेल असं नाही. कधीकधी आठवडा लागतो. सावकाश बसतं.”

तो आठवडा मी कसा काढला ते नीट आठवत नाही. तुकडे आठवतात. फ्रीज उघडायचं काम ह्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. दूध, कोथिंबीर, काहीही हवं असलं की मी स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि ते पेपर खाली ठेवून यायचे. आंघोळीआधी बाथरूमच्या फरशीवर गरम पाणी ओतून ठेवायचे. नळाचं पाणी मी हाताला लागू देत नव्हते. घरातली प्रत्येक वस्तू मी आता तापमानाने ओळखत होते. स्टीलचं भांडं, ओट्याचा कडप्पा, खिडकीचा गज, कुलूप. या सगळ्या वस्तू वर्षानुवर्षं घरात होत्या. त्यांची मला भीती वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात दुसऱ्या वर्षाला रासायनिक समतोल चालू होता. कानटोपी आणि हातमोजे घालून मी शिकवत होते. कोणी हसलं नाही, उलट पंखे बंद करून टाकले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं,

“मॅडम, इक्विलिब्रियमला रिअॅक्शन थांबते ना?”

“थांबत नाही. दोन्ही बाजूंनी सारख्याच वेगाने चालू राहते. म्हणून आपल्याला थांबल्यासारखी दिसते.”

“म्हणजे बाहेरून काहीच कळत नाही?”

“नाही. काहीतरी बदलेपर्यंत काहीच कळत नाही.”

हे उत्तर मी शेकडो वेळा दिलं असेल. त्या दिवशी मला खडू खाली ठेवावा लागला. बाहेरून काही कळत नसताना माझ्यात हे किती वर्षं चालू होतं? मुलांना पाणी पिऊन येते म्हणाले आणि कॉरिडॉरमध्ये उन्हाचा पट्टा होता तिथे जाऊन उभी राहिले.

आठवड्यानंतर हॉस्पिटलातून फोन आला. अहवाल उद्या मिळेल, पण तुम्ही रसायनशास्त्राच्या आहात, बघायचं असेल तर या, असं त्या बाई म्हणाल्या. मला बघायचं नव्हतं. तरी गेले. हेही आले.

बाईंनी फ्रीजमधून एक झाकण लावलेली बारीक नळी काढली आणि उजेडात धरली. वर पिवळसर, स्वच्छ द्रव होता. तळाशी पांढरा थर. रात्रभर ठेवलेल्या ताकाच्या पातेल्यात निवळीखाली बसतो तसा. नळी तिरकी केली की तो थर सुस्तपणे हलत होता.

“हे तुमचं,” त्या म्हणाल्या. “आता गरम केलं की विरघळेल. विरघळलं तरच ते तेच, हे नक्की होतं.”

“मी धरू का?”

त्यांनी मला हातमोजे दिले. मी नळी मुठीत घट्ट धरली. असं काही ना काही मी प्रयोगशाळेत आयुष्यभर धरत आले होते. मुठीच्या उबेने विरघळतंय का ते बघत उभी राहिले. पाच-सात मिनिटं गेली असतील. मूठ उघडली. थर तसाच होता.

“तुमचे हातच गार आहेत,” बाई हळूच म्हणाल्या.

ह्यांनी हात पुढे केला. हातमोजा चढवला, नळी घेतली आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून उभे राहिले, गारठलेलं पिलू धरावं तसे. भिंतीला लावलेल्या कॅलेंडरकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी तळवे उघडले तेव्हा थराची कड धूसर झाली होती, पांढरेपणा वरच्या द्रवात धुरासारखा पसरत होता. मग बाईंनी नळी कोमट पाण्याच्या पेटीत ठेवली आणि आम्हाला चहा पिऊन यायला सांगितलं. परत आलो तेव्हा नळीत काहीच नव्हतं. स्वच्छ, पिवळा, निर्दोष दिसणारा द्रव. हे घाबरवणारं होतं. थर बघताना मी इतकी घाबरले नव्हते.

खाली रिक्षात बसताना हे म्हणाले, “म्हणजे गरम राहिलं की झालं.”

“एवढंच नाही ते.”

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “पण तेवढं तर करता येईल.”

ही प्रथिनं आपणहून तयार होत नाहीत, बहुतेकदा मागे काहीतरी असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आणखी तपासण्या लिहिल्या. त्यातली एक नको ती निघाली. यकृताला सूज आणणाऱ्या एका प्रकारच्या काविळीचा विषाणू माझ्या रक्तात होता. हेपटायटिस सी. वर्षानुवर्षं असावा. शरीर त्याच्याशी लढायला प्रथिनं बनवत राहिलं होतं आणि ती प्रथिनंच एकमेकांना चिकटत होती.

“कधी रक्त चढवलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे.

मुलीच्या जन्मानंतर मला खूप रक्तस्राव झाला होता. हेच धावत जाऊन रक्ताच्या बाटल्या घेऊन आले होते. ती गोष्ट आमच्या घरात पुष्कळदा सांगितली जायची. रिक्षा मिळाली नाही म्हणून हे बाटल्या शर्टाच्या आत छातीशी धरून पळत आले, आणि मी वाचले. दर वाढदिवसाला मुलगी ती ऐकायची.

“त्या काळी सगळीकडे या विषाणूसाठी रक्त तपासलं जात नव्हतं,” डॉक्टर म्हणाले. “कोणाचा दोष नाही. रक्त मिळालं नसतं तर आपण इथे बसला नसता. औषध आहे. गोळ्या आहेत, तीन महिने, बहुतेक जण बरे होतात. पण घरच्यांची तपासणी करून घ्या.”

घरच्यांची. मला ती नळी आठवली. झाकण लावलेली होती, हातमोजे होते, काही होणं शक्य नव्हतं. मला ते पक्कं माहीत होतं. तरी बसमध्ये मी ह्यांचे तळवे उलटे करून बघत राहिले, कुठे चीर आहे का, कुठे खरचटलंय का. मग घरातलं आठवायला लागलं. एकच नेलकटर. भाजी चिरताना कापलेलं बोट. मुलगी लहान असताना तिच्या गुडघ्याला लागलेलं आणि मी माझ्या कापलेल्या बोटाने पुसलेलं. असं काही घडलं होतं का, की मी तेव्हाच रचत होते, सांगता येत नाही.

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं. मुलीला रविवारी सांगितलं. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. मी शांतपणे सांगितलं, वर्गात सांगते तसं.

“म्हणजे माझ्यामुळे झालं.”

“रक्तामुळे झालं. तू तेव्हा बाहेर आलेली होतीस, पाळण्यात होतीस. तुझा काही संबंध नाही.”

“पप्पा, ती स्टोरी तुम्ही मला किती वेळा सांगितलीय.” तिचा आवाज चढला नाही. “मला वाटायचं, हॅपी एंडिंग आहे.”

हे उठून गॅलरीत गेले.

“तुला फक्त एकदा टेस्ट करायची आहे,” मी म्हटलं. “बहुतेक काही नसेल.”

“नाही करायची मला.”

“का?”

“नसेल तर ठीक. असेल तर मला नाही जाणून घ्यायचं. आई, तुला कळलं तेव्हापासून तू कशी झालीयस बघ. पंख्याकडे बघून घाबरतेस.”

ती खराडीला परत गेली. ह्यांचा अहवाल आला, काही नव्हतं. मुलीचा फोन यायचा, जेवलीस का, गोळ्या सुरू झाल्या का. तपासणीचा विषय काढला की “मीटिंग आहे” म्हणायची. ते दिवस माझ्या आजारातले सगळ्यात वाईट दिवस होते. माझ्या रक्तातलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या रक्तातलं पाहिलं नव्हतं, आणि ती हसत-बोलत, एसीत बसून काम करत होती.

शेवटी मी तिला न कळवता खराडीला गेले. फेब्रुवारीची दुपार होती, ऊन होतं, तरी शाल होती. ऑफिसच्या इमारतीखाली फोन केला. ती खाली आली, मला शालीत बघून तिचा चेहरा बदलला.

“तू एकटी आलीस? बसने?”

“हो.”

“आत नको येऊस, आत खूप थंड आहे.” तिने मला बाहेरच्या कट्ट्यावर उन्हात बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मला काय बोलायचं ते मी ठरवून आले होते. ते सगळं गेलं.

“मला भीती वाटते,” एवढंच म्हणाले. “तुझी.”

तिने फोन काढला, कोणालातरी मेसेज केला आणि म्हणाली, “हाफ डे टाकलाय. चल, आत्ताच करू. पण रिपोर्ट तू उघडायचा. मी नाही.”

अहवाल दोन दिवसांनी माझ्या फोनवर आला. मी ह्यांना हाक मारली, दोघांनी मिळून उघडला. नव्हतं. मी तिला फोन केला. तिने नाक ओढलं आणि म्हणाली, “ठीक आहे. मी कॉलवर आहे, नंतर बोलते.”

गोळ्या तीन महिने घेतल्या. रक्तातला विषाणू गेला, पावसाळ्यात पुन्हा पाहिलं तेव्हाही नव्हता. लघवीतली प्रथिनं हळूहळू उतरली. पण गार नळीत तळाशी थोडं काहीतरी बसतच राहिलं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, “विषाणू गेल्याची बातमी प्रथिनांना उशिरा पोचते. वर्षही लागतं. काहींना पोचतच नाही.” ठिपके पुढच्या डिसेंबरात आले, अगदी तुरळक. डावा पाय मात्र तसाच राहिला. अंगठा आणि चवड्याचा पुढचा भाग. नसा गेल्या त्या गेल्या.

पुढच्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात खीर वाटायला मी उभी होते. मे महिना, भर दुपार. आजारानंतर मला उन्हाळा आवडायला लागला होता. सगळे घामाने हैराण असायचे आणि माझ्या अंगातली भीती त्या दिवसांत झोपलेली असायची. विहाराच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. चपला बाहेर काढलेल्या. वाढणाऱ्या बायका चटके बसतात म्हणून मंडपाच्या सावलीत सरकत होत्या, मुलं टाचांवर उड्या मारत जात होती. मी उन्हातच उभी राहून पातेल्यातून खीर देत होते. मला काही होत नव्हतं. एक बाई म्हणाल्यासुद्धा, “ताई, तुम्हाला कसं सोसतं?”

हे लांबून बघत होते बहुतेक. ते आले, माझ्या हातातला डाव काढून घेतला, दंडाला धरून मला सावलीत नेलं आणि खुर्चीवर बसवलं.

“पाय दाखवा.”

एरवी ते मला अहो-जाहो कधी करत नाहीत, घाबरले की मात्र करतात. मी डावा पाय उचलला. चवडा लालभडक झाला होता आणि अंगठ्याखाली पाण्याने भरलेला फोड वर आला होता, रुपयाएवढा. मला अजूनही तिथे काहीच लागत नव्हतं. उजवा पाय मी नकळत सारखा हलवत राहिले होते, तो बरा होता.

कोणीतरी पाण्याच्या जारमधून तांब्या भरून आणला. बर्फ घातलेलं पाणी होतं, तांब्यावर बाहेरून दव धरलं होतं. भाजल्यावर गार पाणी घालायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. हे माझ्यासमोर उकिडवे बसले, डाव्या हातात माझी टाच धरली, उजव्या हातात तांब्या. आणि तसेच थांबले. त्यांनी तांब्यात बोट बुडवून पाहिलं. पुन्हा माझ्या पायाकडे पाहिलं. आजूबाजूच्या बायकांना कळेना की हे पाणी का घालत नाहीत.

“नळाचं साधं पाणी आहे का?” त्यांनी वर बघून विचारलं.

“टाकी उन्हात आहे, भाऊ. नळाला कढत येतंय.”

“घालू का?” ते मला म्हणाले.

पंचवीस वर्षं तापमान शिकवलेली बाई मी, अंदाजाने मोजत होते.

“त्यात खिरीचं पातेलं धुवायला ठेवलेलं पाणी मिसळा,” मी म्हटलं. “ते सावलीतलं आहे. मग घाला.”

त्यांनी ते पाणी मागवलं, तांब्यात ओतलं, पुन्हा बोट बुडवलं. मग धार धरली, अगदी बारीक, आणि प्रत्येक वेळी थांबून माझ्या नडगीवर ठिपके उमटतायत का ते बघत राहिले.